विश्लेषण : एनएफएलच्या इतिहासातील सर्वोत्तम संघ कोणता? ‘१७-०’ डॉल्फिन्सवर एकमत का होत नाही?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये अर्थात एनएफएलमध्ये खेळताना प्रत्येक सामना जिंकून अजिंक्यपद मिळवणारा संघ आजवर एकच झाला, तो म्हणजे १९७२चा मायामी डॉल्फिन्स. लीगच्या शताब्दी हंगामानिमित्त २०१९ मध्ये तयार झालेल्या शंभर सर्वोत्तम संघांच्या यादीतही पहिला क्रमांक याच संघाला मिळाला. तरीही वाद मिटलेला नाही. १९८५चा शिकागो बेअर्स, १९८९चा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, १९६२चा ग्रीन बे पॅकर्स, इतकेच नव्हे तर अंतिम सामना गमावलेला २००७चा न्यू इंग्लंड पेट्रियट्स हे संघ डॉल्फिन्सपेक्षा सरस होते, असे मानणारे जाणकार कमी नाहीत. अपराजित संघाच्या श्रेष्ठत्वावर शंका का घेतली जाते? वेगवेगळ्या काळातील संघांची तुलना कोणत्या निकषांवर करायची? आणि ते सगळे निकष लावले, तर क्रमवारी कशी दिसते?

चर्चेला नव्याने तोंड कशामुळे फुटले?

९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या सुपर बोल सामन्यात फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा पराभव केला. त्याआधीचे दोन सुपर बोल चीफ्सने जिंकले होते. सलग तिसरे विजेतेपद मिळाले असते, तर सुपर बोलच्या इतिहासात अशी कामगिरी करणारा तो पहिलाच संघ ठरला असता. प्रत्यक्षात मध्यंतरालाच चीफ्स ०-२४ असे पिछाडीवर होते.

त्या हंगामात चीफ्सने साखळीतील १७ पैकी १५ सामने जिंकले होते. केवळ जय-पराजय पाहिले, तर इतिहासातील उत्तम संघांच्या पंगतीत बसावा असाच हा विक्रम. पण त्यांचे गुण पाहिले की चित्र बदलते. चीफ्सने साखळीत ३८५ गुण केले आणि ३२६ गुण दिले. योगायोग असा, की १९७२च्या डॉल्फिन्सनेही साखळीत नेमके ३८५ गुणच केले होते. मात्र ते १७ नव्हे, १४ सामन्यांत. आणि त्यांनी दिलेले गुण होते अवघे १७१. चीफ्सचे अनेक विजय निसटते होते, डॉल्फिन्सचे साखळीतील विजय तुलनेने निर्विवाद होते. केवळ विजयांच्या संख्येवरून संघाची ताकद कळत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

लीगची रचना कशी आहे?

अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे ११-११ खेळाडू मैदानात असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते. जमले, तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही जमले, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात चेंडू नेला की ‘टचडाउन’चे सहा गुण, खांबांमधून चेंडू लाथाडला की ‘फील्ड गोल’चे तीन गुण. आक्रमण आणि बचावासाठी संघात वेगवेगळे खेळाडू असतात. आक्रमणाची सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात.

लीगची स्थापना १९२० मध्ये झाली. सध्या तिच्यात ३२ संघ आहेत. सप्टेंबरपासून साखळी सामने होतात, त्यानंतर बाद फेरी आणि फेब्रुवारीत अंतिम सामना, म्हणजेच सुपर बोल. पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ रोजी झाला. हंगाम मात्र तो सुरू झालेल्या वर्षाच्या नावानेच ओळखला जातो. त्यामुळे ‘१९७२चा डॉल्फिन्स’ या संघाने अंतिम सामना खेळला तो जानेवारी १९७३ मध्ये.

सर्वोत्तम ठरवण्याचे निकष कोणते?

ऐंशीच्या दशकातील वेस्ट इंडिज श्रेष्ठ की या शतकाच्या सुरुवातीचा ऑस्ट्रेलिया, या क्रिकेटमधील वादासारखाच हा वाद आहे. मात्र एनएफएलमध्ये सामने मोजके असल्याने तो अधिक अवघड होतो. साखळीत एका संघाच्या वाट्याला पूर्वी १४, नंतर १६ आणि २०२१ पासून १७ सामने येतात. बाद फेरीत उत्तर लढतीची सोय नाही. एक वाईट दिवस संपूर्ण हंगामावर पाणी फिरवू शकतो.

त्यामुळे क्रमवारी लावताना साधारण चार गोष्टी पाहिल्या जातात. पहिली, जय-पराजय आणि अजिंक्यपद. दुसरी, गुणफरक, म्हणजे संघ जिंकला तो किती सहज. तिसरी, प्रतिस्पर्ध्यांची ताकद. चौथी, बाद फेरीतील कामगिरी, कारण तेथे दुबळे संघ उरलेले नसतात. या चारही कसोट्यांवर अव्वल ठरलेला संघ एकही नाही. वादाचे मूळ येथे आहे. प्रत्येक यादी यांपैकी एका कसोटीला झुकते माप देते आणि बहुतेकदा ती कोणती, हे सांगत नाही.

डॉल्फिन्सची बाजू किती भक्कम?

साखळीत १४, बाद फेरीत दोन आणि सुपर बोल असे १७ पैकी १७ विजय. तेही मुख्य क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी पाचव्या सामन्यात पाय मोडून बाहेर गेला असताना. त्याच्या जागी आलेला अर्ल मोराल तेव्हा ३८ वर्षांचा होता. प्रशिक्षक डॉन शुला आणि मोराल या दोघांची एक जुनी जखम होती. १९६८ मध्ये हे दोघे बाल्टिमोर कोल्ट्समध्ये होते. साखळीत १३-१ अशी कामगिरी करूनही त्या संघाला सुपर बोलमध्ये न्यूयॉर्क जेट्सकडून ७-१६ असा पराभव पत्करावा लागला होता. एनएफएलमधील सर्वात मोठ्या अनपेक्षित निकालांत त्या सामन्याची आजही गणना होते. त्यानंतर डॉल्फिन्सलाही १९७१च्या सुपर बोलमध्ये डॅलस काउबॉइजने ३-२४ असे हरवले होते.

डॉल्फिन्सचा खेळ धावण्यावर आधारलेला होता. लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस या दोघांनीही त्या हंगामात एक हजार यार्डांचा टप्पा गाठला. एकाच संघातील दोन खेळाडूंनी असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. बचावफळीत तर फारशी प्रसिद्ध नावे नव्हती, म्हणून तिला ‘नो-नेम डिफेन्स’ असेच नाव पडले. सर्वात कमी गुण देणारी बचावफळी मात्र तीच होती.

मग आक्षेप कशावर? साखळीतील त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त दोनच संघांनी त्या हंगामात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवले होते. त्या दोघांचीही कामगिरी ८-६ अशी बेताचीच होती. बाद फेरीतील तीन विजय २०-१४, २१-१७ आणि १४-७ असे होते. म्हणजे तगडे संघ समोर आल्यावर फरक एका टचडाउनच्या आसपासच राहिला.

याला डॉल्फिन्सच्या समर्थकांकडे उत्तर आहे. सामन्यांचे वेळापत्रक संघ ठरवत नाही. शिवाय तेव्हा बाद फेरीचे यजमानपद कामगिरीवर नव्हे, आळीपाळीने ठरत असे. त्यामुळे एकही सामना न गमावलेल्या डॉल्फिन्सला उपांत्य सामना खेळायला पिट्सबर्गला जावे लागले. ग्रीसी त्याच सामन्यात परतला. पुढच्या हंगामात हाच संघ पुन्हा विजेता ठरला. दोन हंगाम मिळून ३४ पैकी ३२ विजय, ही केवळ नशिबाची कमाई म्हणता येत नाही.

हरलेला संघ सर्वोत्तम ठरू शकतो का?

२००७च्या पेट्रियट्सने साखळीतील सर्व १६ सामने जिंकले आणि ५८९ गुण करून तेव्हाचा विक्रम रचला. टॉम ब्रेडीने ५० टचडाउन पास दिले. त्यांपैकी २३ झेलणाऱ्या रँडी मॉसचा एका हंगामातील विक्रम आजही अबाधित आहे. सामन्यामागे सरासरी गुणफरक जवळपास २० होता. डॉल्फिन्सचा हाच आकडा १५ होता. हंगामाच्या सुरुवातीलाच प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांच्या खुणांचे चित्रीकरण केल्याबद्दल प्रशिक्षक बिल बेलिचिक यांना पाच लाख डॉलरचा दंड झाला होता. ‘स्पायगेट’ नावाने गाजलेल्या या प्रकरणाची सावली त्या हंगामावर कायम राहिली.

बाद फेरीतील दोन सामने जिंकून ते १८-० असे सुपर बोलमध्ये पोहोचले. समोर होता साखळीत सहा सामने गमावलेला न्यूयॉर्क जायंट्स. जायंट्सच्या बचावफळीने ब्रेडीला पाच वेळा चेंडू हातात असतानाच पाडले. अखेरच्या मिनिटांत डेव्हिड टायरीने चेंडू शिरस्त्राणावर दाबून धरत अशक्यप्राय झेल घेतला आणि ३५ सेकंद बाकी असताना प्लॅक्सिको बरेसने निर्णायक टचडाउन केला. निकाल १७-१४.

पाच आठवड्यांपूर्वी साखळीच्या शेवटच्या सामन्यात याच जायंट्सना पेट्रियट्सने ३८-३५ असे हरवले होते. हे दोन संघ दहा वेळा भिडले असते, तर पेट्रियट्स किती वेळा जिंकले असते? बहुतेक वेळा, हेच उत्तर मिळेल. पण अजिंक्यपद अशा हिशेबावर दिले जात नाही. संघाची ताकद मोजायची असेल, तर पेट्रियट्स पहिल्या दोन-तीन क्रमांकांत येतात. संघाने काय मिळवले हे मोजायचे असेल, तर ते शेवटचा सामना हरलेला संघ उरतात.

शिकागो बेअर्सचे नाव हमखास का येते?

१९८५च्या बेअर्सने १९ पैकी १८ सामने जिंकले. एकमेव पराभव २ डिसेंबर १९८५ रोजी मायामीत झाला, तोही शुला यांच्याच डॉल्फिन्सकडून, २४-३८ असा. जणू आपल्या जुन्या विक्रमाचे रक्षण डॉल्फिन्सनेच केले. मात्र बाद फेरीत बेअर्सने जे केले, त्याला तोड नाही. न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध २१-०, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध २४-० आणि सुपर बोलमध्ये पेट्रियट्सविरुद्ध ४६-१०. तीन सामन्यांत ९१ गुण केले आणि फक्त १० दिले. अंतिम सामन्यात पेट्रियट्सना धावून मिळवता आलेले एकूण अंतर होते सात यार्ड.

या यशाचे श्रेय बचाव प्रशिक्षक बडी रायन यांच्या ‘फोर्टी-सिक्स’ व्यूहाला दिले जाते. बेअर्सचा बचावपटू डग प्लँक याच्या ४६ क्रमांकाच्या जर्सीवरून हे नाव पडले. एरवी मागे थांबणारे बचावपटू आघाडीवर आणून क्वार्टरबॅकवर एकाच वेळी इतके खेळाडू सोडायचे, की नेमके कोणाला अडवायचे हेच आक्रमण करणाऱ्या संघाला उमगू नये, अशी त्यामागची कल्पना. मुख्य प्रशिक्षक माइक डिट्का आणि रायन यांच्यात मात्र विस्तव जात नव्हता. अजिंक्यपदानंतर रायन फिलाडेल्फियाला गेले. डिट्का यांच्या नावाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. भारतात हा खेळ रुजवण्यासाठी २०११ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’चे ते एक गुंतवणूकदार होते आणि त्या लीगमध्ये ‘पुणे मराठाज’ नावाचा संघ होता.

बेअर्सविरुद्धचा आक्षेप सातत्याचा. पुढच्या हंगामात १४-२ अशी कामगिरी आणि आदल्या वर्षीपेक्षाही कमी गुण देणारी बचावफळी असूनही बाद फेरीत ते वॉशिंग्टनकडून हरले. क्वार्टरबॅक जिम मॅकमेहन दुखापतीमुळे बाहेर होता. त्या पिढीच्या वाट्याला एकच अजिंक्यपद आले.

एक हंगाम मोजायचा की अख्खे पर्व?

सातत्य हा निकष लावला, की यादीत सर्वात वर जातो सत्तरच्या दशकातील पिट्सबर्ग स्टीलर्स. सहा हंगामांत चार सुपर बोल. प्रशिक्षक चक नोल यांनी १९७४च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर यांना घेतले. हे चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाले.

स्टीलर्सची खरी कसोटी १९७८ मध्ये लागली. गुणसंख्या वाढावी म्हणून लीगने नियम बदलले. पास झेलायला धावणाऱ्या खेळाडूला पाच यार्डांपलीकडे धक्के मारून रोखण्यास मनाई झाली. हा नियम स्टीलर्सचाच बचावपटू मेल ब्लाउंटच्या नावाने ओळखला जातो, इतका त्याचा धाक होता. बचावावर जगणारा संघ यामुळे मागे पडेल, अशी अपेक्षा होती. स्टीलर्सने लांब पासचा खेळ आत्मसात केला आणि पुढची दोन्ही विजेतेपदे जिंकली. जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नियमांखाली अव्वल राहणे, हा या संघाच्या बाजूने सर्वात मोठा पुरावा.

गंमत अशी, की अनेकांच्या मते स्टीलर्सची सर्वोत्तम बचावफळी होती १९७६ची. त्या हंगामातील शेवटच्या नऊ साखळी सामन्यांत तिने केवळ २८ गुण दिले आणि पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला खातेही उघडू दिले नाही. पण उपांत्य सामन्यात फ्रँको हॅरिस आणि रॉकी ब्लायर हे दोन्ही प्रमुख धावपटू जखमी होते आणि ते वर्ष विजेतेपदाविना गेले.

पर्व आणि हंगाम या दोन्ही मापांत बसणारा संघ म्हणजे १९८९चा फोर्टीनाइनर्स. साखळीतील दोन पराभव एकूण पाच गुणांनी झालेले. बाद फेरीत ४१-१३, ३०-३ आणि सुपर बोलमध्ये डेन्व्हर ब्राँकोजविरुद्ध ५५-१०. हा ४५ गुणांचा फरक सुपर बोलमधील सर्वात मोठा आहे. त्या तीन सामन्यांत जो मॉन्टानाने ११ टचडाउन पास दिले आणि त्याचा एकही पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला नाही. हा संघ आदल्या वर्षीचाही विजेता होता आणि दरम्यान बिल वॉल्श यांच्या जागी जॉर्ज सायफर्ट हे नवे प्रशिक्षक आले होते.

सुपर बोलआधीच्या संघांचे काय?

लोकप्रिय याद्या बहुधा १९६६च्या हंगामापासून सुरू होतात. त्यामुळे व्हिन्स लोम्बार्डी यांचा १९६२चा पॅकर्स अनेकदा मागे पडतो. या संघाने १४ पैकी १३ साखळी सामने जिंकले, ४१५ गुण केले आणि १४८ दिले. सामन्यामागे १९ गुणांचा फरक. संघातील दहाहून अधिक खेळाडू पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. लोम्बार्डी यांचा दबदबा एवढा, की सुपर बोलचा करंडक आज त्यांच्याच नावाने दिला जातो. तेव्हा एनएफएलमध्ये १४ संघ होते. समर्थक म्हणतात, गुणवत्ता थोड्या संघांत एकवटलेली होती. टीकाकार म्हणतात, स्पर्धाच लहान होती.

त्याहून मागे गेल्यास शिकागो बेअर्स १९३४ मध्ये १३-० आणि १९४२ मध्ये ११-० असे अपराजित राहिले, पण दोन्ही वेळा अंतिम सामना हरले. १९४० मध्ये मात्र त्यांनी अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७३-० असे चिरडले. हा विक्रम अजून मोडलेला नाही. पण या काळाकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. १९३४ ते १९४५ या काळात एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. देशातील गुणी खेळाडूंच्या एका मोठ्या गटाला दाराबाहेर ठेवून मिळवलेले विक्रम नंतरच्या विक्रमांच्या तोडीचे मानायचे का, हा प्रश्न कोणत्याही आकडेवारीने सुटत नाही.

याच्या उलट उदाहरण क्लीव्हलँड ब्राउन्सचे. १९४६ मध्ये सुरू झालेल्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये त्यांनी मॅरियन मॉटली आणि बिल विलिस या कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतले, चारही वर्षे विजेतेपद मिळवले आणि १९४८ मध्ये सर्व १५ सामने जिंकले. ‘दुय्यम लीगमधला संघ’ अशी हेटाळणी झाली. १९५० मध्ये ते एनएफएलमध्ये आले, पहिल्याच सामन्यात गतविजेत्या ईगल्सना ३५-१० असे हरवले आणि त्याच वर्षी अजिंक्यपदही पटकावले.

आजच्या संघांना जुने विक्रम अवघड का?

महान संघ दीर्घकाळ टिकू नयेत, अशीच एनएफएलची रचना आहे. तळाच्या संघाला ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळते. १९९३ मध्ये करार संपलेल्या खेळाडूंना संघ बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले आणि १९९४ पासून वेतनमर्यादा आली. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीला असते तशीच ही मर्यादा. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये ती सुमारे २८ कोटी डॉलरवर गेली. रक्कम वाढली, तरी अडचण तीच. विजेत्या संघातील खेळाडूंचे भाव वाढतात आणि सगळ्यांना धरून ठेवणे परवडत नाही. स्टीलर्सने ज्या पद्धतीने एक पिढी दशकभर जपली, तसे आज करता येत नाही.

या दृष्टीने २००१ ते २०१८ या काळात सहा सुपर बोल जिंकणारा पेट्रियट्स आणि २०१९ पासूनच्या पाच हंगामांत तीन जिंकणारा चीफ्स यांचे वजन वाढते. दुसरीकडे शारीरिक क्षमतेचा मुद्दा आहे. १९८५च्या बेअर्समधील विल्यम पेरी तीनशे पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे १४० किलो वजनाचा होता. त्याला ‘रेफ्रिजरेटर’ म्हणत आणि लोक त्याला पाहायला येत. आज या वजनाचे खेळाडू प्रत्येक संघात असतात. जुना संघ जसाच्या तसा आजच्या मैदानात उतरवला, तर तो हरेल. म्हणून संघाची तुलना त्याच्या समकालीन संघांशीच करायची, हा सर्वमान्य संकेत आहे.

संगणकाचा कौल काय?

बुद्धिबळपटूंच्या मानांकनासाठी अर्पाद एलो यांनी तयार केलेली पद्धत एनएफएललाही लावली जाते. बलाढ्य संघाला हरवले की जास्त गुण, दुबळ्याला हरवले की कमी. या हिशेबात २००७चा पेट्रियट्स फार वरच्या स्थानी जातो. प्रत्येक प्रयत्नाचे मोल मोजणाऱ्या पद्धती आणखी एक विस्मृतीत गेलेले नाव पुढे आणतात, ते म्हणजे १९९१चा वॉशिंग्टन. १४-२ अशी कामगिरी, दोन पराभव मिळून पाच गुणांचे, सामन्यामागे १६ गुणांचा फरक आणि बफेलो बिल्सविरुद्ध सुपर बोलमध्ये ३७-२४ असा विजय. तरीही या संघाचे नाव क्वचितच घेतले जाते. त्याचा क्वार्टरबॅक मार्क रिपियन पुढे दिग्गज ठरला नाही, संघाने गाणेही काढले नाही. बेअर्सने मात्र हंगाम सुरू असतानाच ‘सुपर बोल शफल’ हे रॅप गाणे ध्वनिमुद्रित केले होते. लोकांच्या स्मरणात काय राहते, यावरही क्रमवारी ठरते ती अशी.

मग क्रमवारी कशी लागते?

चारही निकषांना समान महत्त्व दिले आणि एकच हंगाम विचारात घेतला, तर पहिल्या स्थानावर १९८५च्या बेअर्सचा दावा सर्वात मजबूत ठरतो. १८ विजय, १६ गुणांचा सरासरी फरक आणि बाद फेरीतील अतुलनीय कामगिरी. दुसऱ्या स्थानी १९८९चा फोर्टीनाइनर्स. साखळीतील त्याचा गुणफरक इतरांपेक्षा कमी असला, तरी बाद फेरीत १२६-२६ असा हिशेब मांडणाऱ्या संघाला खाली ठेवता येत नाही. तिसरा १९७२चा डॉल्फिन्स, चौथा १९६२चा पॅकर्स आणि पाचव्या स्थानासाठी १९९१चा वॉशिंग्टन व २००७चा पेट्रियट्स यांच्यात चुरस. पूर्ण पर्वाची यादी करायची, तर स्टीलर्स पहिल्या स्थानासाठी दावेदार आणि वेतनमर्यादेच्या काळात पेट्रियट्स निर्विवाद अव्वल.

मात्र ‘सर्वोत्तम’ याचा अर्थ ‘जे कोणालाच जमले नाही ते करणारा’ असा घेतला, तर डॉल्फिन्सपुढे कोणीही टिकत नाही. २०१९च्या यादीने हाच अर्थ स्वीकारला. दरवर्षी लीगमधील शेवटचा अपराजित संघ हरला, की डॉल्फिन्सचे जुने खेळाडू शॅम्पेन उघडतात अशी कथा सांगितली जाते. ती बरीच फुगवलेली असली, तरी अर्धशतकाहून अधिक काळ हा विक्रम शाबूत आहे, हे खरेच. आता तो गाठण्यासाठी १७ साखळी सामने आणि बाद फेरी मिळून किमान २० विजय लागतील.

या महानतेची किंमत कोणी मोजली?

याद्यांमध्ये न दिसणारा आणखी एक हिशेब या संघांच्या नावे आहे. स्टीलर्सचा माइक वेब्स्टर २००२ मध्ये वयाच्या पन्नाशीत मरण पावला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे जडणारा ‘सीटीई’ हा मेंदूविकार निदान झालेला तो एनएफएलचा पहिला खेळाडू. बेअर्सच्या १९८५च्या बचावफळीतील डेव्ह डुअरसनने २०११ मध्ये आयुष्य संपवले. आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा, असे तो सांगून गेला होता. तपासणीत सीटीई आढळला. डॉल्फिन्सला अपराजित ठेवणाऱ्या अर्ल मोरालच्या मेंदूतही मृत्यूनंतर या विकाराची प्रगत अवस्था दिसली. त्याच संघातील निक बोनिकाँटी याने हयातीतच मेंदूदानाचा निर्णय जाहीर केला होता.

माजी खेळाडूंनी एकत्र येऊन दाखल केलेल्या दाव्यांत एनएफएलने २०१३ मध्ये ७६ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. पुढे ही मर्यादा काढून टाकण्यात आली आणि भरपाईची रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यानंतर डोक्याने धडक देण्यावर निर्बंध आले आणि मेंदूला धक्का बसल्याचा संशय आल्यास खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याची पद्धत कडक झाली. लॉस एंजेलिस येथील २०२८च्या ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा जो प्रकार असेल, तो धडकविरहित ‘फ्लॅग फुटबॉल’ आहे.

दुसरीकडे साखळी सामने १७ वरून १८ करण्याची चर्चा लीगच्या सर्वोच्च पातळीवर सुरू आहे. सामने वाढले, की उत्पन्न वाढते आणि अपराजित राहणे आणखी अवघड होते; तसेच खेळाडूंना बसणारे धक्केही वाढतात. डॉल्फिन्सला गाठणारा संघ कधी निर्माण होईल हे सांगता येत नाही. तो झालाच, तर त्याच्या खेळाडूंना १९७२च्या खेळाडूंपेक्षा अधिक सामने अंगावर घ्यावे लागलेले असतील, एवढे मात्र नक्की.